तीस सेकंद गप

"आता तीस सेकंद कुणीच बोलायचं नाही,"
मी म्हटलं, तर आक्काताई मगदूम हसल्या.
"सकाळधरनं बोला बोला म्हणतासा,
आता गप म्हणतासा.
एक काय ते ठरवा की."

निपाणी. मार्केटच्या मागची गल्ली.
दहा बाय बाराची खोली, तिला तंबाखूचा वास
भिंतीत मुरलेल्या ओलीसारखा.
पंखा बंद. टीव्ही बंद. फ्रिज बंद,
आणि फ्रिजच्या आत माझ्या गाडीची किल्ली.
कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टनं शिकवलेलं:
ज्याचा फ्रिज बंद केलास
त्याचं दूध नासवून घरी जायचं नाही.

सकाळी लॅपल लावायला पदराशी हात गेला
तेव्हा त्यांनी माझ्या बोटांवर फटका मारला,
माईक स्वतःच घेतला, मंगळसूत्राशेजारी खोचला.
वाट्यांवर घासत होता. सांगायला जीभ रेटेना.
शेवटी म्हटलं, आक्का, थोडा डावीकडं.
"माज्या का तुज्या?"

मिक्सरचे अजून चौदा हप्ते आहेत.
मागच्या लग्नाच्या फिल्मचे पैसे अजून "प्रोसेसमध्ये" आहेत.
बाप वडगावात मागावर होता;
माग विकून अकरा वर्षं झाली,
त्याच्या कानात ते अजून दोन पाळ्यांत चालतात.
मी काय काम करतो असं कुणी विचारलं की तो
जरा मोठ्यानंच सांगतो: ऐकायचं.

तर तीस सेकंद.
डायरेक्टर मोबाईलकडे बघत. कॅमेरावाला श्वास धरून.
सातव्या सेकंदाला कौलावर कावळा सरकला.
सतराव्याला आक्काताईंना खोकला आला,
त्यांनी तो गिळला, माझ्यासाठी,
आणि हेडफोनमध्ये मला तो गिळलेला ऐकू आला.
मग कात्री. एकदाच.
पान कापायचं नव्हतं. हाताला सवय.

"झालं?" झालं.
पुण्याची मंडळी चहाला बाहेर गेली.
आक्काताई आत गेल्या, माईकसकट.
आपल्या अंगावर कान लावलाय
हे माणूस साधारण वीस मिनिटांत विसरतं.

आतून शेजारणीशी कन्नडात.
कॅमेऱ्यासमोर मालक देवमाणूस होता,
अडीअडचणीला धावणारा.
आता हजारातल्या दोनशे विड्या छाट म्हणून बाजूला काढणारा,
आणि त्याच छाटीच्या विड्या
संध्याकाळी स्वतःच्या पोराला ओढायला देणारा.
डायरेक्टरला कन्नड येत नाही.
मला येतं. वडगावात भांडणं कन्नडातच संपतात.

लाल दिवा चालू होता.
मी बंद केला.
लगेच केला का?
नाही. अकरा सेकंदांनी केला.

दिवा बंद केला तरी कानाला लावलेलं कानालाच होतं,
म्हणून पुढचंही ऐकलं:
"आ हुडुगा इन्नू ऊटा माडिल्ल."
तो पोरगा अजून जेवला नाही.
कोण पोरगा, म्हणून मी इकडे तिकडे बघितलं
आणि मग फेडर खाली ओढला.

केबल गुंडाळल्या. बूमचे पाच तुकडे आत सारले.
वाऱ्याच्या केसाळ टोपीशी खेळत बसलेल्या नातीकडून
ती मागून घेतली; तिनं तिला मांजर म्हणून नाव ठेवलं होतं.
फ्रिजचा प्लग लावला, दार उघडलं.
किल्लीखाली वर्तमानपत्राची पुडी:
दोन भाकऱ्या, खर्डा, कांदा अख्खा.

यमकनमर्डीच्या चढाला गाडी बाजूला घेऊन खाल्लं.
ट्रक जात होते.
कागद फार वाजला. टेक वाया गेला असता.

आज मेल आला: रूम टोन क्लीन पाठव,
खोकला, कात्री काढून टाक.
काढता येतं. दोन मिनिटांचं काम.
मी फोल्डर उघडून बसलोय.
त्याखालीच ती दुसरी फाईल, अकरा सेकंदांची.
तिला अजून नाव दिलेलं नाही.